नखांच्या नमुन्यातील नेलपेंट सूक्ष्मदर्शकाखाली: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

राधानगरी-गगनबावड्याकडे चिखलात उभे राहून भाताची लावणी करणाऱ्या बायका असोत किंवा राजारामपुरीत महिन्याच्या महिन्याला जेल करून घेणाऱ्या मुली असोत, नखाची तक्रार घेऊन आलेल्या सगळ्यांची कात्रणे शेवटी मेणाच्या ठोकळ्यांत बसून आमच्या पॅथॉलॉजी प्रयोगशाळेतल्या टेबलावर येतात. त्यांतल्या पुष्कळ नखांवर रंग असतो. त्या रंगाबद्दल कोल्हापूर आणि आसपासच्या तालुक्यांतून तंत्रज्ञ, पॅथॉलॉजी शिकणारे विद्यार्थी, त्वचारोगतज्ज्ञ आणि स्वतः रुग्णही जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. सुरुवातीचे प्रश्न सर्वांसाठी आहेत, पुढचे हळूहळू स्लाइड वाचणाऱ्यांकडे झुकतात. एकच गोष्ट दोनदा सांगावी लागू नये म्हणून जागोजागी दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. नखाचा नमुना म्हणजे नक्की काय घेतात, आणि त्यात नेलपेंट येतेच कशी?

बहुतेक वेळा नखाच्या मोकळ्या टोकाची कात्रण आणि नखाखाली साठलेला भुगा एवढेच घेतले जाते. काळ्या पट्ट्यासारख्या शंकेच्या वेळी मात्र नखाच्या मुळाची बायोप्सी करावी लागते. कल्चरसाठीचा, म्हणजे बुरशी वाढवून पाहण्यासाठीचा, नमुना कोरडा, स्वच्छ डबीत किंवा घडी केलेल्या कागदात पाठवतात, तर स्लाइड करण्यासाठीचा फॉर्मॅलिनमध्ये. कल्चरचा नमुना चुकून फॉर्मॅलिनमध्ये पडला, तर त्यातली बुरशी मरते आणि कल्चर वाया जाते. नेलपेंट नखपट्टिकेच्या (नखाच्या कडक भागाच्या) वरच्या पृष्ठभागाला घट्ट चिकटलेली असते, त्यामुळे ती कात्रणीबरोबरच येते. रुग्णाने आदल्या दिवशी रंग काढला असला, तरी नखाच्या कडेच्या खाचेत आणि टोकाच्या खालच्या बाजूला त्याचे अवशेष राहतात, आणि आपण नेमके तेच टोक कापतो.

२. साधी नेलपेंट सूक्ष्मदर्शकाखाली कशी दिसते?

नख उभे कापून एच अँड ई या नेहमीच्या पद्धतीने स्टेन केले (रंगवले), की नखपट्टिका गुलाबी, एकावर एक रचलेल्या पापुद्र्यांसारखी दिसते. वरची बाजू घट्ट आणि गुळगुळीत असते, खालची बाजू सैल आणि नागमोडी. नेलपेंट वरच्या बाजूवर एका वेगळ्या पट्टीसारखी बसलेली असते. त्या पट्टीत पेशी नसतात, केंद्रके नसतात, नखाचे पापुद्रे नसतात. एकजिनसी, किंचित चकाकणाऱ्या थरात रंगाचे बारीक कण विखुरलेले असतात, आणि पट्टी व नख यांच्यामधली सीमा पट्टीने आखल्यासारखी सरळ असते. ही सीमा सर्वांत महत्त्वाची आहे, कारण शरीराने तयार केलेला कोणताही रंग नखाच्या पृष्ठभागावर असा रेषेत येऊन थांबत नाही.

बेस कोट, रंगाचे दोन हात आणि टॉप कोट अशी रचना असेल, तर रंगहीन, रंगीत आणि पुन्हा रंगहीन असे थर वेगळे ओळखता येतात. जुन्या वाड्याच्या भिंतीचा पोपडा निघाल्यावर चुन्याचे आणि रंगाचे हात जसे एकाखाली एक दिसतात, तसेच हे दृश्य असते. पायाच्या अंगठ्याच्या एका कात्रणीत मी अशा सात पट्ट्या मोजल्या होत्या. नख पिवळे पडले म्हणून त्या बाई जुना रंग न काढताच वरून नवा हात देत राहिल्या होत्या. त्या सात पट्ट्यांच्या खाली, नखाच्या तळाकडच्या थरात, बुरशीचे तंतू दाटीने पसरलेले होते. रंग आणि रोग यांच्यामध्ये निरोगी नखाचा एक पातळ पदर तेवढा उरला होता.

३. फॉर्मॅलिन, अल्कोहोल आणि झायलीनमधून गेल्यावर रंग विरघळून जात नाही का?

पूर्णपणे जात नाही. साध्या नेलपेंटचा पापुद्रा नायट्रोसेल्युलोजचा असतो आणि तो इथाइल अ‍ॅसिटेट, ब्यूटाइल अ‍ॅसिटेट अशा द्रावकांत विरघळवलेला असतो. द्रावक उडून गेले, की नखावर कडक थर उरतो. फॉर्मॅलिनचा त्यावर फारसा परिणाम होत नाही. पुढच्या प्रोसेसिंगमध्ये, म्हणजे नमुना अल्कोहोल आणि झायलीनमधून नेऊन मेणात बसवताना, हा थर मऊ होतो, सुरकुततो, काही ठिकाणी नखापासून सुटून शेजारी तरंगतो, आणि सेक्शन (मेणाच्या ठोकळ्याचा पातळ काप) पाण्यावर सोडताना त्याचे तुकडे भलत्याच जागी जाऊन बसतात. टायटॅनियम डायऑक्साइड आणि लोह ऑक्साइड यांसारखे खनिज रंग मात्र कशातही विरघळत नाहीत, त्यामुळे पापुद्रा गेला तरी ते उरतात.

म्हणूनच बाटलीतला रंग आणि स्लाइडवरचा रंग एकच असेल असे गृहीत धरू नये. लाल नेलपेंट फिकट दिसू शकते. पांढऱ्या नेलपेंटची गंमत तर नवख्या डोळ्यांना हमखास चकवते: टायटॅनियम डायऑक्साइडचे कण प्रकाश आरपार जाऊ देत नाहीत, त्यामुळे खालून येणाऱ्या उजेडात ते गडद तपकिरी किंवा काळे दिसतात. अशा वेळी खालचा दिवा बंद करावा आणि मोबाइलचा टॉर्च बाजूने, तिरका, स्लाइडच्या वरून धरावा. तोच काळा पट्टा पांढरा चमकू लागतो. या उपायाला एक पैसाही लागत नाही, आणि मेलॅनिनच्या (शरीराच्या स्वतःच्या काळसर रंगद्रव्याच्या) शंकेने घेतलेले अनेक उसासे त्याने वाचतात.

४. जेल, अ‍ॅक्रिलिक आणि चिकटवायची नखे यांचे थर वेगळे ओळखता येतात का?

बऱ्याच अंशी येतात. जेल पॉलिश दिव्याखाली घट्ट होते तेव्हा त्यातले अ‍ॅक्रिलेटचे रेणू एकमेकांत गुंफले जातात, त्यामुळे ते अल्कोहोलमध्ये किंवा झायलीनमध्ये विरघळत नाही. सेक्शनमध्ये ते साध्या नेलपेंटपेक्षा जाड, काचेसारखे आणि बहुधा अखंड राहते. नख आणि जेल यांचा कडकपणा वेगळा असल्याने मायक्रोटोमची (सेक्शन कापणाऱ्या यंत्राची) पाती तेथे अडखळते, मग जेलमध्ये आडव्या भेगा पडतात किंवा संपूर्ण थर उचकटून मध्ये पांढरी फट दिसते. ही फट कापताना झालेली असते, तिला रोगाचे लक्षण समजू नये.

अ‍ॅक्रिलिक नखे पावडर आणि द्रव एकत्र करून बनवतात. पावडर म्हणजे पॉलिमरचे सूक्ष्म गोल मणी, त्यामुळे जाड थरात गोल-गोल आकृत्या किंवा बुडबुड्यांसारख्या पोकळ्या दिसल्या, तर अ‍ॅक्रिलिकचा विचार आधी करावा. चिकटवायच्या तयार नखांत प्लास्टिकचा थर, त्याखाली सायनोअ‍ॅक्रिलेट गोंदाची पातळ रेघ आणि त्याखाली नख अशी रचना असते. प्लास्टिक प्रोसेसिंगमध्ये फुगून वितळले, तर हाती केवळ गोंदाची रेघ उरते. डिप पावडरमध्येही बांधणारा पदार्थ सायनोअ‍ॅक्रिलेटच असतो, म्हणून निव्वळ स्लाइडवरून या दोहोंत फरक करण्याचा अट्टहास करू नये. रुग्णाला विचारावे.

५. चमकी आणि मोतिया रंगाच्या नेलपेंटमध्ये काय दिसते?

चमकी म्हणजे अ‍ॅल्युमिनियमचा मुलामा दिलेल्या प्लास्टिकच्या पापुद्र्याचे मोजून कापलेले तुकडे. ते आडवे पडले तर षटकोनी किंवा चौकोनी दिसतात, आणि कडेवर उभे राहिले तर काळ्या कडेची सरळ काडी दिसते. निसर्गात इतका नेमका षटकोन नखात सापडत नाही, त्यामुळे एक तुकडा दिसला तरी ओळख पटते. मोतिया झाक बहुधा टायटॅनियम डायऑक्साइडचा लेप दिलेल्या अभ्रकाच्या चपट्या पापुद्र्यांमुळे येते. हे पापुद्रे पृष्ठभागाला समांतर निजलेले असतात आणि फोकस हलवला, की त्यांच्या कडा उजळतात.

६. पोलराइज्ड प्रकाशाचा खरोखर उपयोग होतो का?

होतो, पण एक सावधगिरी पाळावी लागते: नखातले केराटिन स्वतःच पोलराइज्ड प्रकाशात उजळते. म्हणून "काहीतरी चमकले" याला अर्थ नाही, कोणत्या थरात आणि कोणत्या आकाराचे चमकले ते पाहावे. अभ्रक, टाल्कचे कण, कापसाचे धागे आणि मातीतली वाळू उजळतात. मेलॅनिन उजळत नाही, काजळीसारखा कार्बनचा काळा रंगही उजळत नाही, त्यामुळे या दोघांमध्ये निवड करायला ही चाचणी निरुपयोगी आहे (त्यासाठी प्रश्न ८ पाहा). हातमोज्यातील स्टार्चचे कण चमकतात तेव्हा त्यांच्यावर काळी फुली दिसते, आणि ती एकदा पाहिली की विसरत नाही.

७. बुरशीच्या तपासणीत नेलपेंटमुळे चुकीचा निष्कर्ष निघू शकतो का?

दोन्ही बाजूंनी निघू शकतो. केओएच तपासणीत नखाचा भुगा २० ते ४० टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये मऊ करून पाहतात. नेलपेंटचे रंगीत, टोकदार कडांचे तुकडे त्यात तसेच राहतात, आणि रंगाचा गडद तुकडा वर बसला, तर त्याखालचे तंतू झाकले जातात. उलट बाजूने, रिमूव्हर लावलेल्या कापसाचे धागे नखाला चिकटून येतात आणि नवशिक्याला ते बुरशीचे तंतू वाटतात. कापसाचा धागा बुरशीच्या तंतूपेक्षा कितीतरी जाड, चपटा, फितीसारखा पिळलेला असतो, त्याला आडवे पडदे नसतात आणि त्याला फांद्या फुटत नाहीत. कॅल्कोफ्लुओर (बुरशीला चमकवणारे रंगद्रव्य) वापरणाऱ्यांनी अधिक सावध राहावे, कारण ते सेल्युलोजलाही चिकटते आणि कापूस बुरशीइतकाच, कधीकधी जास्तच, चमकतो.

पीएएस या बुरशी शोधण्याच्या स्टेनमध्ये बुरशीची भित्तिका गडद किरमिजी दिसते, आणि लाल किंवा गुलाबी नेलपेंट असेल तर दोन्ही रंग जवळजवळ सारखे वाटतात. येथे रंगावर विसंबू नये, जागा पाहावी. नेहमीच्या नखाच्या गजकर्णात तंतू बहुतेक करून खालच्या सैल थरांत, पापुद्र्यांना समांतर पळत असतात, तर नेलपेंट वरच्या बाजूला असते. शंका राहिली, तर स्टेन न केलेला एक सेक्शन पाहावा: त्यातही लाल दिसले, तर ते पीएएसचे लाल नाही. अपवादासाठी प्रश्न १२ आणि १३ वाचावेत.

८. काळी किंवा तपकिरी नेलपेंट आणि मेलॅनिन यांतला फरक कसा करायचा?

या प्रश्नाला सर्वांत जास्त जागा द्यायला हवी, कारण येथे चूक झाली तर तिची किंमत रुग्ण मोजतो.

पहिला निकष जागेचा. मेलॅनिन नखाच्या मुळातल्या पेशींतून नख तयार होतानाच आत येते, म्हणून ते नखपट्टिकेच्या पापुद्र्यांच्या आत, पेशींच्या ओळींना धरून, बारीक आणि साधारण एकसारख्या सोनेरी-तपकिरी कणांच्या रूपात दिसते. त्याची खोलीही बोलकी असते: मुळाच्या मागच्या भागातून नखाचा वरचा थर तयार होतो आणि पुढच्या भागातून खालचा, त्यामुळे मेलॅनिन कोणत्या थरात आहे यावरून ते मुळाच्या कोणत्या भागातून निघाले याचा अंदाज बांधता येतो आणि बायोप्सी कोठून घ्यायची हे ठरवायला मदत होते. नेलपेंटचे कण मात्र नखाच्या बाहेर, वेगळ्या थरात, लहान-मोठे आणि गठ्ठ्यांनी असतात.

दुसरा निकष स्टेनचा. फाँटाना-मॅसन या मेलॅनिनसाठीच्या स्टेनमध्ये मेलॅनिन काळे होते, पण मुळातच काळा असलेला कण त्या स्टेनमध्येही काळाच दिसणार, म्हणून हा स्टेन एकटा वाचू नये. त्याच्या जोडीला ब्लीच करून पाहावे. पोटॅशियम परमँगनेट आणि त्यानंतर ऑक्झॅलिक आम्ल, किंवा हायड्रोजन पेरॉक्साइड, यांनी मेलॅनिनचा रंग उडतो. काजळी आणि लोह ऑक्साइड जागचे हलत नाहीत.

तिसरी गोष्ट निकष नाही, पण ती मी प्रत्येक विद्यार्थ्याला सांगतो: वर नेलपेंट सापडली म्हणून खाली मेलॅनिन नाही असे ठरत नाही. काळा पट्टा झाकण्यासाठीच रंग लावलेला असू शकतो. रंगाचा थर ओळखून झाला, की नजर त्याच्या खाली न्यावी आणि संपूर्ण जाडी पाहावी. आणि नुसत्या कात्रणीवरून मेलॅनोमा (मेलॅनिन तयार करणाऱ्या पेशींचा कर्करोग) नाही असे कधीही लिहू नये. कात्रणीत मेलॅनिन आहे की नाही एवढे कळते. ते तयार करणाऱ्या पेशी मुळाशी असतात आणि त्या पाहण्यासाठी मुळाचीच बायोप्सी लागते.

९. नेलपेंट नाही आणि मेलॅनिनही नाही, तरीही काळे दिसते. ते काय असू शकते?

पहिली शंका रक्ताची. नखाखाली साकळलेले रक्त नखाबरोबर पुढे सरकते आणि सेक्शनमध्ये लालसर-तपकिरी, एकजिनसी गोळ्यांसारखे दिसते. पर्ल्सचा लोहाचा स्टेन येथे बहुधा नकारात्मक येतो, कारण नखपट्टिकेत रक्तातील लोहाचे हिमोसिडेरिनमध्ये (हा स्टेन ज्याला रंगवतो त्या लोहाच्या साठ्यामध्ये) रूपांतर करणाऱ्या पेशीच नसतात. स्टेन नकारात्मक आला म्हणून रक्त नाही, असे म्हणता येत नाही.

दुसरी शंका काळसर रंगाच्या बुरशीची, उदाहरणार्थ निओसायटॅलिडियम. तिचे तंतू स्टेनशिवायही तपकिरी दिसतात.

तिसरी शंका आपल्याच ग्रॉसिंगच्या (नमुना पाहून, कापून तयार करण्याच्या) टेबलावरची असते. कडा ओळखण्यासाठी लावलेली शाई स्लाइडवर हुबेहूब काळ्या नेलपेंटसारखी दिसते, कारण तीसुद्धा पृष्ठभागावरच असते. फरक इतकाच, की शाई कापलेल्या कडांवर आणि खालच्या बाजूलाही पसरते आणि तिला स्वतःची जाडी जवळजवळ नसते. नमुन्यावर शाई लावली असेल, तर ग्रॉसिंगच्या नोंदीत तसे लिहावेच.

१०. मेंदी, हळद आणि मिशरी यांचे डाग स्लाइडवर कसे दिसतात?

हे तिन्ही आपल्याकडचे नेहमीचे पाहुणे आहेत आणि तिन्ही नेलपेंटपेक्षा वेगळे वागतात, कारण ते नखावर थर तयार करत नाहीत. मेंदीतील लॉसोन हे द्रव्य केराटिनलाच जोडले जाते. त्यामुळे वरच्या पापुद्र्यांना एकसारखी नारिंगी-तपकिरी झाक येते, कण दिसत नाहीत आणि खाली जाताना झाक विरळ होते. हळदीतील कर्क्युमिन पिवळी छटा देते आणि अतिनील प्रकाशात चमकते. लग्नानंतर लगेच आलेल्या नवरीच्या किंवा नवरदेवाच्या नमुन्यात ही चमक दिसली, तर तिला जंतुसंसर्गाची खूण समजू नये. मिशरी लावणाऱ्या बाईच्या तर्जनीचे नख तपकिरी होते, आणि त्यात डागाबरोबर भाजलेल्या तंबाखूचे अनियमित काळे कण नखाच्या कडेशी अडकलेले सापडतात.

स्लाइडकडे वळण्यापूर्वी नखाकडे एकदा नुसत्या डोळ्यांनी पाहिले, तर निम्मे काम होते. बाहेरून लागलेल्या रंगाची मुळाकडची कड नखाच्या वळणाला समांतर, चंद्रकोरीसारखी असते. हाताचे नख महिन्याला सुमारे ३ मिलिमीटर वाढते, म्हणून मे महिन्यात लग्नात लावलेली मेंदी ऑगस्टमध्ये नखाच्या टोकाकडे सरकलेली दिसते. पायाचे नख याच्या निम्म्या किंवा त्याहूनही कमी वेगाने वाढते, तेव्हा तेथला हिशेब वेगळा धरावा.

११. तालमीतल्या मल्लाच्या नखात लालसर कण दिसले. त्याने तर नेलपेंट लावलेली नाही!

ती आखाड्याची माती आहे. कोल्हापुरात हा प्रश्न येणारच. लाल मातीचा रंग लोह ऑक्साइडचा असतो, आणि अनेक नेलपेंटमध्येही लोह ऑक्साइडच असते, त्यामुळे कण सारखे वाटणे स्वाभाविक आहे. पण मातीचे कण नखाच्या वर सलग थर करत नाहीत. ते नखाखालच्या भुग्यात आणि भेगांत, ओबडधोबड आकारात विखुरलेले असतात, त्यांच्यासोबत वाळूचे कण पोलराइज्ड प्रकाशात उजळतात आणि सेक्शनवर पातीने ओढलेले ओरखडे उमटतात. मातीत तेल, ताक, हळद मिसळण्याची पद्धत असल्याने पिवळी झाकही दिसू शकते (प्रश्न १०). मल्लांच्या नखांना मार लागलेला असतो, म्हणून याच नमुन्यात रक्तही शोधावे (प्रश्न ९). मातीत काम करणाऱ्या शेतकऱ्यांच्या पायांच्या नखांनाही हेच लागू आहे.

१२. नेलपेंट पृष्ठभागावर असते असे म्हणता, पण माझ्या स्लाइडवर ती नखाच्या थरांच्या मध्ये दिसते. हे कसे?

नख पापुद्र्यांनी सुटत असेल, तर नेलपेंट त्या फटीत झिरपते आणि वाळते. नंतर वरचा पापुद्रा पुन्हा खाली बसला, की रंग नखाच्या आत असल्यासारखा भासतो. सतत पाण्यात हात असणाऱ्या आणि वारंवार रिमूव्हर वापरणाऱ्या बायकांत असे सुटलेले पापुद्रे नेहमी दिसतात. अशा पट्टीचा मागोवा घेत टोकापर्यंत जावे: ती कोठेतरी बाहेर उघडते. आणखी दोन-तीन खोल सेक्शन घेतले, तर तोंड सापडतेच.

दुसरी शक्यता नख आणि नखशय्या (नखाखालची त्वचा) यांच्यात फट पडल्याची. रंग टोकाकडून त्या फटीत खाली शिरतो आणि खालच्या बाजूला दिसतो, म्हणजे नेमका तेथे, जेथे आपण बुरशी शोधतो. तिसरी शक्यता निव्वळ तरंगून आलेल्या तुकड्याची (प्रश्न ३). फोकस हलवून पाहावे. तुकडा नखाच्या पातळीच्या वर स्पष्ट होत असेल, तर तो सेक्शनवर पडलेला आहे, सेक्शनमधला नाही.

१३. रंग काढल्यावर नखावर पांढरे, खरखरीत चट्टे दिसतात. ही बुरशीच ना?

नेहमीच नाही. नेलपेंट आठवड्यामागून आठवडे ठेवली आणि मग काढली, तर तिच्याबरोबर वरच्या पापुद्र्यांचे तुकडे उचकटतात आणि नख पांढरे, भुरभुरीत दिसते. सूक्ष्मदर्शकाखाली वरचा पृष्ठभाग फाटलेला, उचललेला दिसतो आणि पीएएसमध्ये तंतू सापडत नाहीत. बुरशीचा एक प्रकार मात्र हुबेहूब असाच दिसतो आणि तो वरच्या थरातच राहतो. त्यात नखाच्या वरच्या पापुद्र्यांत तंतू आणि बीजाणू भरलेले असतात. म्हणजे प्रश्न ७ मध्ये सांगितलेला "बुरशी खाली, रंग वर" हा नियम येथे चालत नाही. या रुग्णांत टोकाची कात्रण पाठवू नये, पांढऱ्या चट्ट्याचाच वरचा भुगा खरवडून पाठवावा.

१४. रुग्ण नेलपेंट लावत नाही म्हणतो, तरी रंगहीन थर दिसतो. तो खोटे बोलतो का?

तसे समजण्याआधी औषधाची चौकशी करावी. बुरशीवरची अमोरोल्फिन ५ टक्के आणि सायक्लोपिरॉक्स ८ टक्के ही औषधे लॅकरच्या (नेलपेंटसारख्या लावायच्या द्रवाच्या) रूपात मिळतात आणि ती नखावर पातळ, रंगहीन पापुद्रा सोडतात. रुग्णाच्या लेखी ते औषध असते, नेलपेंट नव्हे, त्यामुळे तो प्रामाणिकपणे नाही म्हणतो. ही माहिती थराच्या ओळखीपुरती नाही. औषध नखात मुरलेले असताना कल्चर नकारात्मक येऊ शकते आणि त्याच नमुन्यात पीएएसवर मेलेल्या बुरशीचे तंतू मात्र दिसतात. दोन्ही रिपोर्ट एकमेकांच्या विरुद्ध वाटतात, पण दोन्ही बरोबर असतात.

१५. जेल किंवा अ‍ॅक्रिलिकमुळे नखाला झालेली इजा स्लाइडवर दिसते का?

दिसते. नवा थर धरावा म्हणून नख कानशीने घासलेले असते, त्यामुळे वरचा घट्ट थर पातळ किंवा नाहीसा झालेला असतो आणि पृष्ठभाग दातेरी दिसतो. अ‍ॅक्रिलेटची अ‍ॅलर्जी असलेल्यांत नखशय्येचा भाग नमुन्यात आला, तर तेथे सूज आणि दाहाच्या पेशी आढळतात. हे बदल सोरायसिस किंवा साध्या एक्झिमाशी मिळतेजुळते असल्यामुळे पार्लरचा इतिहास ठाऊक नसताना निदान भलतीकडे जाते.

१६. नमुना देण्यापूर्वी नेलपेंट काढावी का? काढली तर बुरशी धुऊन जाते का?

काढावी, आणि बुरशी धुऊन जात नाही. ती नखाच्या आत आणि खाली असते. अ‍ॅसिटोनने वरचा थर पुसल्याने तिला काही होत नाही. त्यानंतर नख ७० टक्के अल्कोहोलने पुसून वाळू द्यावे, म्हणजे पृष्ठभागावरचे इतर जंतूही कमी होतात. शक्यतो कापसाऐवजी गॉजचा घट्ट तुकडा वापरावा; कारण प्रश्न ७ मध्ये दिले आहे. जेल असेल, तर अ‍ॅसिटोनमध्ये भिजवलेला गॉज नखावर ठेवून वर फॉइल गुंडाळावी, साधारण १० ते १५ मिनिटे थांबावे आणि थर हलक्या हाताने ढकलून काढावा. कानस लावू नये. तिच्या भुग्याने केओएचची स्लाइड भरून जाते.

रंग काढणे शक्यच नसेल, तर नमुना परत पाठवू नये, तसाच स्वीकारावा. गौरी-गणपतीच्या दिवसांत पन्हाळ्याकडच्या गावातून दोन एसट्या बदलून आलेल्या बाईला "रंग काढून पुन्हा या" म्हणून सांगणे मला पटत नाही. ती पुन्हा येईलच असे नाही. शिवाय रंगाचा एक उपयोगही आहे. कात्रण मेणात बसवताना वरची बाजू कोणती आणि खालची कोणती हे कळेनासे होते, तेव्हा नेलपेंटची पट्टी वरची बाजू दाखवून देते.

१७. माझ्या रिपोर्टमध्ये "नखाच्या वरच्या पृष्ठभागावर बाह्य रंगद्रव्य" असे लिहिले आहे. घाबरायचे कारण आहे का?

नाही. याचा अर्थ तुमच्या नखावर बाहेरून लागलेला रंग सापडला, एवढाच. ते रोगाचे नाव नव्हे आणि त्यासाठी औषध लागत नाही. मात्र त्याच रिपोर्टमध्ये पुढे बुरशीबद्दल आणि मेलॅनिनबद्दल काय लिहिले आहे ते डॉक्टरांकडून समजून घ्यावे, कारण वरचा रंग आणि खालचा आजार एकाच नखात असू शकतात (प्रश्न २). नखावर काळा पट्टा असेल, तो रुंद होत असेल किंवा रंग शेजारच्या त्वचेवर उतरला असेल, तर कात्रणीचा रिपोर्ट काहीही असो, त्वचारोगतज्ज्ञांना नख रंगाशिवाय दाखवावे.

१८. नमुन्यासोबतच्या फॉर्मवर काय लिहून पाठवावे?

कोणत्या बोटाचे नख आहे, रंग किंवा जेल शेवटचे कधी लावले आणि कधी काढले, मेंदी, हळद, मिशरी किंवा मातीशी संबंध आहे का, बुरशीचे लॅकर किंवा गोळी चालू आहे का आणि नमुन्यावर शाई लावली आहे का, एवढे पुरे. नेलपेंटची बाटली हाताशी असेल, तर तिच्या रंगाचा एक फटकारा काचेच्या स्लाइडवर ओढून, वाळवून, नमुन्याबरोबर पाठवावा. संशयित कण आणि तो फटकारा शेजारी-शेजारी पाहिले, की एरवी तीन स्टेन करून सुटणारा प्रश्न पाच मिनिटांत सुटतो.